उरलेलं यकृत किती काम करील?

यकृताचा मोठा भाग कापून काढला तरी माणूस जगू शकतो, कारण उरलेला भाग काही आठवड्यांत पुन्हा वाढतो. सर्जनची सारी भिस्त या एका गुणावर. मात्र ती वाढ होईपर्यंतचे दिवस त्या उरलेल्या तुकड्यालाच निभावून न्यावे लागतात. रक्त गोठवणारी प्रथिनं त्यानेच बनवायची, बिलिरुबिनही त्यानेच बाहेर काढायचं. ते झेपलं नाही तर कावीळ चढते, रक्तस्राव थांबेनासा होतो, पोटात पाणी साठतं. २००५ साली पॅरिसजवळच्या क्लिशीतल्या डॉक्टरांनी एक साधा निकष मांडला. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी प्रोथ्रोम्बिन ५० टक्क्यांच्या खाली आणि बिलिरुबिन ५० मायक्रोमोलच्या वर असेल, तर मृत्यूचा धोका निम्म्याहून अधिक. निकष उपयोगी आहे, पण तोवर यकृताचा तुकडा शरीराबाहेर गेलेला असतो. हे आधी कळायला हवं.

आधी कळण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे सीटी स्कॅनवर आकारमान मोजणं. सर्जन जिथे कापणार ती रेघ प्रत्येक छेदावर आखायची आणि मागे किती घन सेंटिमीटर उरतं ते काढायचं. यकृत निरोगी असेल तर साधारण २० टक्के उरलं तरी चालतं. बऱ्याच केमोथेरपीनंतर ३० टक्के, सिरॉसिस असेल तर ४० टक्के लागतात. म्हणजे रोगी यकृताचा आकार जास्त लागतो, कारण त्याचं काम कमी. ही कबुली त्या आकड्यांतच आहे. सीटीला यकृत किती मोठं आहे हे दिसतं, ते किती काम करतं हे दिसत नाही. गोदामाची लांबी-रुंदी मोजून आतलं धान्य किडलंय का हे कळत नाही, तसंच हे.

अ‍ॅम्स्टरडॅमच्या वैद्यकीय केंद्रात टॉम व्हान गुलिक यांच्या गटाने काम मोजायचं ठरवलं. त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही. न्यूक्लिअर मेडिसिन विभागातला गॅमा कॅमेरा होताच आणि मेब्रोफेनिन हे औषधही होतं. त्याचं मूळ १९७०च्या दशकातलं: भूल देण्याच्या लिडोकेनशी रचनेने जवळची संयुगं अमेरिकेत मायकेल लोबर्ग यांच्या गटाने किरणोत्सारी टेक्नेशियमशी जोडली, आणि ती यकृत रक्तातून उचलून पित्तात सोडतं असं दिसलं. बिलिरुबिन ज्या वाटेने यकृताच्या पेशीत शिरतं, जवळपास त्याच वाटेने मेब्रोफेनिन जातं. इतका नेमका साक्षीदार शोधून सापडला नसता.

रुग्ण उपाशीपोटी येतो, कॅमेऱ्याखाली उताणा झोपतो, हाताच्या शिरेत इंजेक्शन दिलं जातं. पडद्यावर आधी हृदय उजळतं, कारण औषध अजून रक्तात आहे. मग हृदय फिकं होत जातं आणि उजव्या बरगड्यांखाली यकृत भरत येतं. हिशेब होतो तो इंजेक्शननंतरच्या १५० ते ३५० सेकंदांच्या टप्प्यात. औषध पित्तनलिकेतून बाहेर पडू लागण्याआधी यकृताने दर मिनिटाला किती टक्के उचललं, ते शरीराच्या पृष्ठफळाने भागायचं. त्यानंतर कॅमेरा रुग्णाभोवती फिरवून त्रिमितीय चित्र घेतात आणि सर्जनच्या रेघेनुसार फक्त उरणाऱ्या भागाचा वाटा वेगळा काढतात. २०१० साली या गटाने ५५ रुग्णांवरून सीमारेषा सांगितली: चौरस मीटरमागे मिनिटाला २.६९ टक्के. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की निरोगी यकृताला एक आणि आजारी यकृताला दुसरा असे दोन आकडे नाहीत. आजार मोजमापातच धरला जातो.

आकडा कमी आला तर ऑपरेशन रद्दच करावं लागतं असं नाही. जपानच्या मासातोशी माकुउची यांनी १९८०च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीने, काढायच्या भागाकडे जाणारी पोर्टल शीर आधीच बंद करतात. रक्त दुसरीकडे वळतं आणि उरणारा भाग वाढू लागतो. काही आठवड्यांनी स्कॅन पुन्हा करायचा. 'अ‍ॅल्प्स' या दोन टप्प्यांच्या ऑपरेशनमध्ये आकार फार झपाट्याने वाढतो, पण काम त्या वेगाने वाढत नाही. अशा वेळी केवळ सीटीवर विसंबणारा सर्जन फसू शकतो.

उणीवही सांगायला हवी. कावीळ असेल तर बिलिरुबिन आणि मेब्रोफेनिन एकाच दारात गर्दी करतात आणि आकडा खोटा कमी येतो. आधी पित्ताचा निचरा करावा लागतो. गॅडॉक्सेटिक आम्ल देऊन केलेला एमआरआय हा दुसरा पर्याय. यकृत ते औषध पेशीत घेतं, त्यामुळे गाठी, शिरा आणि कामाचा अंदाज एकाच तपासणीत मिळतो. पण मोजमापाची पद्धत अजून सगळीकडे एकसारखी नाही.

आपल्याकडे मेब्रोफेनिन परकं नाही. अणुऊर्जा विभागाची नवी मुंबईतली 'ब्रिट' ही संस्था त्याचे किट पुरवते, आणि नवजात बाळाची कावीळ पित्तनलिका बंद असल्यामुळे तर नाही ना, हे पाहायला आपल्या रुग्णालयांत हाच स्कॅन होतो. मद्य, हेपटायटिस आणि चरबीने झिजलेली यकृतं आपल्या सर्जनपुढे रोज येतात. औषध आहे, कॅमेरा आहे. गरज आहे ती कापण्याची रेघ आखणाऱ्या सर्जनने आणि स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरने ऑपरेशनच्या आधी एकाच पडद्यासमोर बसण्याची.