वाढ निराळी, वळण निराळे!

मुलाला खाऊपिऊ घातले की ते वाढते. पण वाढणे निराळे आणि वळण लागणे निराळे, हे प्रत्येक आई जाणते. काचेच्या बशीत मानवी मूळपेशी वाढवणाऱ्या शास्त्रज्ञांनाही हाच धडा गिरवावा लागला.

मूळपेशी म्हणजे शरीराचे बियाणेच. तिच्यातून इतर प्रकारच्या पेशी घडतात. पण शरीराबाहेर तिला नुसती साखर आणि क्षार देऊन भागत नसे. सोबत रक्तरस, म्हणजेच सीरम, लागे. दह्यावर निवळी सुटते ना? तसाच गोठलेल्या रक्तातून जो पिवळसर द्रव सुटतो, तो रक्तरस. कत्तलखान्यातल्या गाभण गाईच्या पोटातील वासराच्या रक्तापासून तो काढतात आणि पोषकद्रवात बहुधा शेकडा १० या प्रमाणात मिसळतात.

या रसात एवढी जादू कसली? १९७४ साली अमेरिकेत रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा उलगडा केला. रक्त गोठण्याआधीच बिंबाणू वेगळे काढून केलेल्या रसात रक्तवाहिनीतल्या स्नायुपेशी फारशा वाढेनात. गोठलेल्या रक्ताच्या रसात मात्र भराभर वाढल्या. रक्त गोठताना बिंबाणू वाढीचे द्रव्य बाहेर टाकतात, ते हेच! जखम भरून काढण्याची निसर्गाची ही तजवीज.

१९९८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणाच्या मूळपेशी प्रथम वेगळ्या करून वाढवल्या, त्याही उंदराच्या पेशींच्या अंथरुणावर आणि वासराच्या रक्तरसावर. परंतु रक्तरसाची एक बाटली दुसरीसारखी नसते. एकीवर पेशी सुखाने नांदत, तर दुसरीवर मूळपण सोडून भलतेच रूप घेऊ लागत. २००५ साली तर आणखीच पंचाईत झाली. या मानवी पेशींवर, माणसाच्या शरीरात तयार न होणारी एक प्राणिज शर्करा चढलेली आढळली. माणसाच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. मग अशा पेशी रोग्याला टोचायच्या कशा?

यावर दोन वाटा निघाल्या. अस्थिमज्जेतल्या मूळपेशींना माणसाच्याच बिंबाणूंचा अर्क मानवतो. रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या बिंबाणूंचेही त्यामुळे सोने होते. भ्रूणाच्या मूळपेशींसाठी थॉमसन यांच्याच प्रयोगशाळेने २०११ साली अवघ्या आठ घटकांचे पोषकद्रव सिद्ध केले. त्यात रक्तरसाचा थेंबही नाही!

पोटभर वाढण्यापेक्षा मोजून वाढणेच अखेर हिताचे ठरले. उद्या याच पेशी एखाद्या रोग्याच्या शरीरात वस्तीला जायच्या, तर त्यांनी आज काय खाल्ले, याचा हिशेब चोख हवाच.