गायक, वृंद आणि यंत्र



पत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने विलायती रॉक संगीताच्या वाटेला का जावे? मी संगीतज्ञ नाही, हे आधीच कबूल करतो. शाळाही माझी फार झालेली नाही. जे थोडेफार कळते ते वाचून, ऐकून आणि जाणत्यांना विचारून मिळवलेले आहे. पण कारखान्यात नवे यंत्र आले की युनियनच्या सभेत तीन प्रश्न हमखास निघतात. काम कोणाचे जाणार? झालेल्या मालावर नाव कोणाचे लागणार? आणि पैसा कोणाच्या पदरात पडणार? हेच तीन प्रश्न मला २००६ साली निघालेल्या एका तबकडीत दिसले, म्हणून तिची हकीकत आज आपल्यापुढे मांडतो.

त्या तबकडीचे नाव ‘द इरेझर’, म्हणजे खोडरबर. गायक टॉम यॉर्क. हा इंग्लंडातील ‘रेडिओहेड’ या बँडचा गायक. बँड हा शब्द ऐकून आपल्यापुढे लग्नाच्या वरातीतला बँड उभा राहतो, किंवा सिनेमाच्या गाण्यामागचा वाद्यवृंद. तो वृंद रोजंदारीवर बसतो. आज या संगीतकाराकडे, उद्या त्या. रॉक बँडची घडण निराळी आहे. चार-पाच जण वर्षानुवर्षे एकत्र राहतात, गाणी एकत्र रचतात, नफातोटा वाटून घेतात. एका परीने ती लहानशी सहकारी संस्थाच म्हणा ना.

रेडिओहेडमध्ये पाच जण आहेत. टॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन ग्रीनवुड हे दोघे भाऊ, एड ओब्रायन आणि ड्रम वाजवणारा फिल सेलवे. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी हे एका शाळेत शिकत होते. १९८५ साली तिथेच जमले. १९९१ मध्ये मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीशी करार झाला आणि १९९७ च्या ‘ओके कॉम्प्युटर’ या तबकडीने त्यांना जगभर नाव मिळाले. त्यांच्या बँडच्या गाण्यांवर रचनाकार म्हणून एकट्या यॉर्कचे नाव नसते, बँडचे असते. चाल कोणाला सुचली याचा हिशोब त्यांनी पाचांच्या घरातच मिटवलेला आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता यंत्राकडे वळू. नाद म्हणजे हवेतले कंपन. संगणकाच्या पद्धतीत हे कंपन एका सेकंदात हजारो वेळा मोजतात आणि ती मापे आकड्यांच्या रूपाने साठवतात. साध्या सीडीवर हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा झालेले असते. नाद एकदा आकड्यांत आला की शिंप्याने कापड कापावे तसा तो कापता येतो. पुढचा तुकडा मागे लावता येतो, उलटा वाजवता येतो, लांबवता येतो आणि एकच तुकडा शंभर वेळा जोडता येतो. आपल्याकडे तबल्याच्या एकल वादनाला पेटीवर लेहरा धरतात. तीच ओळ पेटीवाला फिरून फिरून वाजवतो आणि तबलजी तिच्या आधाराने आपली करामत दाखवतो. यंत्र असाच लेहरा धरते. पेटीवाल्याचा हात दमतो, तबलजीच्या डोळ्याकडे पाहून तो किंचित हलतो; यंत्र दमत नाही आणि कोणाकडे पाहतही नाही. दुसऱ्याच्या वादनातून असा घेतलेला तुकडा म्हणजे ‘सॅम्पल’, आणि तो फिरता ठेवला म्हणजे ‘लूप’.

रेडिओहेडच्या घरात हे यंत्र २००० सालच्या ‘किड ए’ या तबकडीच्या वेळी शिरले. गिटारवर नावारूपाला आलेल्या बँडच्या काही गाण्यांत गिटारला जागाच उरली नाही. आपण नेमके काय करायचे, हा प्रश्न बँडमधल्या वादकांना पडला. नवे यंत्र बसवलेल्या खात्यात जुना कसबी कारागीर जसा हात बांधून उभा राहतो, तशीच ती अवस्था. पण ते पाचही जण टिकले. ज्याचे वाद्य एका गाण्यात नको, त्याने दुसरे काही हाती घेतले, आणि नाव पाचांचेच राहिले.

त्याच तबकडीत ‘इडिओटेक’ नावाचे गाणे आहे. त्याचा पाया आहे काही स्वरसंगतींचा एक छोटा तुकडा. हा तुकडा पॉल लान्स्की या अमेरिकन संगीतकाराच्या रचनेतून आला. लान्स्कींनी ती १९७३ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अवाढव्य संगणकावर केली होती. जॉनी ग्रीनवुडला ती एका जुन्या तबकडीत सापडली. त्याने लान्स्कींना पत्र लिहून परवानगी मागितली आणि गाण्याच्या रचनाकारांत त्यांचे नाव घातले. जगप्रसिद्ध बँडला त्या तुकड्याचे मोल कळले, आणि ज्याचा घाम त्याचे नाव हा व्यवहार त्यांनी पाळला. सॅम्पलच्या धंद्यात सगळेच असे वागत नाहीत. त्यावरून अमेरिकेत पुष्कळ कोर्टकज्जे झालेले आहेत.

२००३ नंतर बँडने विश्रांती घेतली. त्या काळात यॉर्क आपल्या लॅपटॉपवर ठेके आणि आवाजांचे तुकडे जुळवीत बसला. बँडचा नेहमीचा निर्माता नायजेल गॉडरिच याने ते विस्कळीत तुकडे बांधून त्यांची गाणी करण्यास हातभार लावला. जुलै २००६ मध्ये एक्सएल या स्वतंत्र कंपनीने तबकडी काढली. नऊ गाणी, सुमारे ४१ मिनिटांचा ऐवज. ऐकताना पहिल्यांदा जाणवतो तो यंत्राचा कोरडा, ठोकळेबाज ठेका आणि त्यावर अगदी जवळून, उघडा ठेवलेला माणसाचा गळा. मुखपृष्ठ स्टॅनली डॉनवुड या चित्रकाराचे. लिनोलियमवर कोरून छापलेले. लाटांना थांबण्याचा हुकूम करणाऱ्या कॅन्यूट राजासारखा एक माणूस हात पुढे करून उभा आहे आणि समोर लंडन शहर पुरात बुडते आहे. तबकडी विक्रीत इंग्लंडात तिसऱ्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेली. त्याच वर्षी इंग्लंडातल्या मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत तिचे नाव होते.

आता गंमत पाहा. तबकडी जाहीर करताना यॉर्कने चाहत्यांना कळवले की ‘सोलो’, म्हणजे एकट्याची, हा शब्द आपल्याला ऐकायचा नाही. बँड फुटलेला नाही आणि हे काम बँडच्या संमतीने झाले आहे. कोणी म्हणेल, ही नुसती विनयाची भाषा. पण तबकडी उलगडून पाहिली तर तो खरेच बोलत होता. शीर्षकगीत उभे आहे पियानोच्या स्वरसंगतींवर. त्या जॉनी ग्रीनवुडने वाजवलेल्या. यॉर्कने त्या एका साध्या टिपणयंत्रावर टिपल्या आणि संगणकावर कापून नव्याने जुळवल्या. ‘ब्लॅक स्वान’ या गाण्यात २००० साली मुद्रित केलेला सेलवे आणि ओब्रायन यांच्या वादनाचा तुकडा आहे. आणखी एका गाण्यात बँडच्याच जुन्या गाण्याचा तुकडा, ओळखू न येईल इतका बदललेला, बसवला आहे. म्हणजे खोलीत माणूस एकटा बसला होता खरा, पण त्याच्या यंत्रात सोबत्यांचे हात होते. यंत्राने नवा नाद शून्यातून काढला नाही. साठवलेली मेहनत त्याने फिरती ठेवली.

एकट्याने गाण्याची गरज त्याला का पडली असेल? ‘हॅरोडाउन हिल’ या गाण्याकडे पाहिले की थोडा उलगडा होतो. हे ऑक्सफर्ड परगण्यातल्या एका टेकडीचे नाव. डॉ. डेव्हिड केली हे ब्रिटिश संरक्षण खात्यातले जैविक शस्त्रांचे तज्ज्ञ. इराकच्या शस्त्रांविषयी सरकारने केलेल्या दाव्यांबद्दल ते एका बीबीसी वार्ताहराशी बोलले. त्यांचे नाव उघड झाले, संसदेच्या समितीपुढे त्यांची उलटतपासणी झाली, आणि १८ जुलै २००३ रोजी या टेकडीवरच्या रानात त्यांचा मृतदेह सापडला. न्यायमूर्ती हटन यांच्या चौकशीने २००४ मध्ये ती आत्महत्या ठरवली. आपण लिहिलेल्या गाण्यांत हे सर्वांत संतापाचे, असे यॉर्कने सांगितले आहे. केलींच्या घरच्यांना त्याने दुःख होईल ही काळजीही त्याने बोलून दाखवली. मोठ्या यंत्रणेच्या दातांत सापडलेला एकटा नोकर, हा त्या गाण्याचा विषय. ज्यांनी चौकशीच्या टेबलासमोर एकट्याने बसलेला कामगार पाहिला आहे, त्यांना तो निराळा समजावून सांगावा लागत नाही. मला वाटते, असा विषय पाचांच्या सहीने मांडण्यापेक्षा एकाने आपल्या जबाबदारीवर मांडणेच त्याला योग्य वाटले असावे.

येथवर गोष्ट चांगल्या माणसांची झाली. पण संघटनेत काम करणाऱ्याने चांगल्या माणसांच्या भरवशावर राहू नये. इतिहासात गायक पुढे आणि वृंद मागे असे अनेकदा घडले आहे. अमेरिकेत १९२७ नंतर बोलपट आले आणि चित्रपटगृहांत बसून वाजवणाऱ्या हजारो वादकांचा रोजगार गेला. पुढे तबकड्या आणि नाणे टाकून वाजणारी यंत्रे आली. तेव्हा वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. वादक एकजुटीने बाहेर राहिले. पण गायक त्या संघटनेत नव्हते. कंपन्यांनी वाद्यांच्या जागी माणसांचा कोरस उभा केला आणि तबकड्या काढल्या. फ्रँक सिनात्रा त्याच वर्षी टॉमी डॉर्सीच्या बँडमधून बाहेर पडला होता. १९४३ मध्ये त्याच्या तबकड्या अशाच कोरसवर निघाल्या. संप वाया गेला असे मात्र नाही. १९४३–४४ मध्ये एकेक कंपनी वाकली आणि प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम वादकांच्या निधीत भरू लागली. परंतु संप मिटला तेव्हा लोकांच्या तोंडी बँडऐवजी गायकाचे नाव बसले होते. ज्या फाटकावर पहारा नव्हता, तिथून माल बाहेर गेला होता.

आपल्या मुंबईतही हे घडले. हिंदी चित्रपटसंगीताचा तो भरदार वाद्यवृंद पुष्कळ अंशी गोव्याहून आलेल्या वादकांनी उभा केला. सॅबेस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी गाण्यांचे वाद्यमेळ बांधले. तबकडीवर नाव गायकाचे आणि संगीतकाराचे. व्हायोलिन धरणाऱ्याचे नाव क्वचितच. पुढे सिंथेसायझर आला, एका कीबोर्डवर साऱ्या तंतुवाद्यांचा आभास होऊ लागला आणि स्टुडिओतल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. ज्यांची नावे कधी छापलीच नव्हती, ते गेले हेही कोणाला कळले नाही.

‘द इरेझर’ची पुढची हकीकत म्हणूनच मला मोलाची वाटते. २००९ साली यॉर्कला ही गाणी लोकांपुढे गावीशी वाटली, तेव्हा त्याने नुसता लॅपटॉप घेऊन उभे राहण्याऐवजी माणसे जमवली. बास गिटारला फ्ली, ड्रमला जोई वॉरोंकर, तालवाद्यांना मूळचा ब्राझीलचा मौरो रेफोस्को, आणि गॉडरिच. यंत्राने बसवलेले ठेके हे वादक हातांनी वाजवू लागले. या नव्या बँडला तबकडीतल्याच एका गाण्याचे नाव दिले: ‘ॲटम्स फॉर पीस’. त्यांच्या मोकळ्या वादनाचे तुकडे पुन्हा संगणकावर जुळवून २०१३ मध्ये ‘अमोक’ ही तबकडी निघाली. हातातून यंत्रात आणि यंत्रातून परत हातात, असा तो फेरा पूर्ण झाला.

त्याच वर्षी जुलैत यॉर्क आणि गॉडरिच यांनी ‘द इरेझर’ आणि ‘अमोक’ या तबकड्या स्पॉटिफाय या सेवेवरून काढून घेतल्या. नव्या कलावंतांना तिथून फारच थोडा मोबदला मिळतो, हे त्यांचे कारण. २०१७ च्या अखेरीस त्या तबकड्या तिथे परतल्या. दोन माणसांच्या बहिष्काराने एवढी मोठी सेवा वाकत नाही, हे आपल्याला नवे नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मात्र दहा हजारांहून अधिक कलावंतांनी एकत्र सही केली. संगणकाला शिकवण्यासाठी आमचे काम परवानगीवाचून वापरू नका, अशी ती मागणी. सह्यांत यॉर्कचेही नाव होते. आज यंत्र तुकडा घेऊन थांबत नाही. हजारोंच्या गळ्यांवरून आणि हातांवरून धडे घेऊन नवे गाणे घडवते. लान्स्कींना पत्र लिहिता आले, कारण तुकडा कोणाचा हे ठाऊक होते. इथे पत्र कोणाला लिहायचे?

यंत्र मोडून हा प्रश्न सुटणार नाही. यॉर्कची तबकडी ऐकल्यावर ते मोडावे असे वाटतही नाही, इतकी ती चांगली आहे. पण पाच मित्रांनी आपसांत जो व्यवहार पाळला, तो अनोळखी हजारोंसाठी कराराच्या कलमांत लिहून घ्यावा लागेल: वापरापूर्वी संमती, तबकडीवर नाव आणि ठरलेला वाटा. आणि ती कलमे मागताना, १९४२ चा धडा ध्यानात ठेवून, गायक आणि वादक एकाच यादीत असले पाहिजेत.