शब्द एक, दप्तरे दोन (भाग ७) : कर्ता

शाळेत कर्ता शोधायची रीत सोपी असते. धातूला ‘णारा’ किंवा ‘णारी’ लावायचे आणि ‘कोण’ असे विचारायचे. ‘आईने शेत विकले.’ विकणारी कोण? आई. क्रियापद शेताच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, प्रयोग कर्मणी. तरी कर्ता आईच. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता, अशी पाणिनीची व्याख्या आहे. तिथे बाई-पुरुष हा प्रश्नच येत नाही.

हेच वाक्य खरेदीखतात आले की प्रश्न बदलतो. हिंदू कायद्यात कर्ता म्हणजे एकत्र कुटुंबाचा कारभार पाहणारा, सहसा वयाने सर्वांत मोठा सहदायाद, म्हणजे कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतःच वाटा असलेला. जुन्या सातबाऱ्यावर नावापुढे ‘ए.कु.क.’ किंवा ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे दिसतात, ती त्याचीच : एकत्र कुटुंब कर्ता, एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकट्याचे लागते, जमीन मात्र सगळ्यांची असते. म्हणून पाणिनीच्या कर्त्याइतका हा स्वतंत्र नाही. कुटुंबाची कायदेशीर गरज किंवा फायदा असेल तरच त्याला मिळकत विकता वा गहाण ठेवता येते. कर्जफेड, सारा, मुलीचे लग्न ही गरज. त्याची चैन ही नव्हे.

या मर्यादेचा पाया प्रिव्ही कौन्सिलच्या १८५६ च्या हनुमानप्रसाद पांडे खटल्यात आहे. त्यात वादाचे गहाणखत अज्ञान मुलाच्या वतीने त्याच्या आईने करून दिले होते! कर्त्याचे अधिकार ज्या निकालावरून आजही मोजले जातात, त्यात कारभार बाईचा होता. आणि तरीही १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्त्री सहदायाद नाही, म्हणून ती कर्ता होऊ शकत नाही.

मुलींसाठी ही आडकाठी हळूहळू दूर झाली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केले, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. तिने हा भेद ठेवला नाही. मग २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने थोरल्या मुलीला कर्ता मानले आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ते कायम केले.

सून मात्र बाहेरच राहिली. सासरच्या कुटुंबात ती सदस्य असते, सहदायाद नसते. नवऱ्यामागे शेत कसणारी, सोसायटीचे कर्ज फेडणारी, पोरांची लग्ने लावणारी बाई घरोघर आहे. ‘करणारी कोण’ असे विचारले तर गाव तिचेच नाव सांगेल. तिला कर्तेपण द्यायचे तर कायद्यात आणखी एक दुरुस्ती हवी, आणि ती संसदेने करावी असे मला ठामपणे वाटते.