रबरी पहिलवानांचा बाजार

१९८४ साली अमेरिकेतल्या खेळण्यांच्या दुकानांत सुमारे आठ इंच उंचीचा एक पहिलवान विक्रीला आला. पिवळी चड्डी, टक्कल पडत चाललेलं डोकं, ओठांच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या सोनेरी मिशा आणि कमरेला लावायला सोनेरी प्लॅस्टिकचा पट्टा. हा हल्क होगन. हातात घेतला की आधी वजन जाणवायचं, कारण तो आतून पोकळ नव्हता, भरीव रबराचा होता. मग लक्षात यायचं की त्याला एकही सांधा नाही. खांदा फिरत नाही, कोपर वळत नाही, गुडघा वाकत नाही. ज्या माणसाचं सगळं कामच धरणं, उचलणं आणि आपटणं, त्याचं खेळणं असं एकाच पवित्र्यात कायमचं थिजलेलं!

त्या काळाच्या मानाने ही मागासलेली वस्तू होती. हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्येच ‘जी. आय. जो’ हा हातपाय हलवणारा सैनिक मुलांच्या हाती दिला होता. १९७८ पासून केनर कंपनीची ‘स्टार वॉर्स’ची पावणेचार इंची माणसं घराघरांत पोचली होती आणि त्यांचेही हातपाय हलत होते. तरीही एलजेएन या कंपनीची ‘रेसलिंग सुपरस्टार्स’ ही बिनसांध्याची मालिका १९८९ पर्यंत चालली. हे कसं घडलं, हे पाहू लागलं की खेळण्याइतकंच त्या कुस्तीबद्दलही बरंच काही कळतं.

मुळात ही कुस्ती निकाल आधी ठरवून खेळली जाणारी. आपल्याकडे दारासिंग आणि किंगकाँग यांच्या ‘फ्रीस्टाइल’ कुस्त्या ज्यांनी पाहिल्या किंवा ऐकल्या आहेत, त्यांना तिचा बाज माहीत आहे. पडणं-आपटणं खरं, दुखापतीही खऱ्या. पण कोण जिंकणार हे आखाड्याबाहेर ठरलेलं. अशा खेळात प्रेक्षक निकालापेक्षा माणसासाठी तिकीट काढतो. तो माणूस दुरून ओळखू आला पाहिजे, त्याचा राग यावा किंवा लळा लागावा. म्हणजे एका अर्थी पहिलवान खेळणं होण्याच्या कितीतरी आधीच बाहुला झालेला असतो.

याचा पहिला फायदा मेक्सिकोने उठवला. तिथल्या ‘लुचा लिब्रे’ कुस्तीत पहिलवान मुखवटा घालून उतरतात आणि अनेकजण आयुष्यभर चेहरा दाखवत नाहीत. चंदेरी मुखवट्याचा एल सान्तो १९४२ मध्ये आखाड्यात उतरला, पुढे चित्रकथांचा आणि चित्रपटांचा नायक झाला. बाजारांत आणि आखाड्यांबाहेर स्वस्त प्लॅस्टिकचे छोटे ‘लुचादोर’ विकले जाऊ लागले. हात उगारलेले, पाय फाकलेले, साच्यातून निघाल्यावर कडेची शिवण तशीच राहिलेली. साचा एकच असला तरी चालायचं, कारण ओळख मुखवट्यात होती. चंदेरी रंग लावला की सान्तो, निळा लावला की ब्लू डेमन. चेहऱ्याचं साम्य साधणं हे शिल्पकाराचं सर्वांत अवघड काम, ते मुखवट्याने परस्पर सोपं करून टाकलं.

जपानमध्ये वळण वेगळं होतं. बंदाईच्या पॉपी या उपकंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला खऱ्या पहिलवानांची खेळणी काढली आणि त्यांत अँतोनिओ इनोकीसोबत हल्क होगनही होता. होगन तेव्हा जपानी प्रेक्षकांचा लाडका होता आणि त्याच्या देशात त्याचं खेळणं अजून यायचं होतं. दुसरी धारा कल्पित कुस्तीची. युदेतामागो या जोडनावाने लिहिणाऱ्या दोघा लेखक-चित्रकारांची ‘किन्निकुमान’ ही चित्रकथा १९७९ मध्ये ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात सुरू झाली. तिच्यातल्या शेकडो पात्रांच्या इवल्या, एकरंगी रबरी मूर्ती बंदाईने १९८३ पासून नाणं टाकून चालणाऱ्या कॅप्सूल यंत्रांतून विकल्या. त्यांना ‘किनकेशी’, म्हणजे किन्निकुमानचे खोडरबर, म्हणत. खोडायच्या कामात मात्र ते अगदीच कुचकामी. १९८५ मध्ये मॅटेलने हेच रबरी मल्ल ‘मसल’ या नावाने अमेरिकेत नेले. कथा कुणाला ठाऊक नव्हती, पात्रांची नावं ठाऊक नव्हती, तरी मुलांनी २३६ मूर्तींचा संच पुरा करायचा ध्यास घेतला.

अमेरिकेत १९८०पर्यंत कुस्तीचं जग प्रांताप्रांतांत वाटलेलं होतं. प्रत्येक प्रवर्तकाचा आपला मुलूख, आपलं स्थानिक टीव्ही केंद्र, आपले पहिलवान. एका प्रांतातला नायक शेजारच्या प्रांतात अनोळखी. अशा बाजारात पोलादी साच्यांवर पैसा कोण घालणार? खेळण्याला देशभर गिऱ्हाईक लागतं. १९८२ मध्ये व्हिन्स मॅकमहन यांनी वडिलांकडून कंपनी विकत घेतली आणि वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ, इतरांच्या मुलखांत घुसवली. २३ जानेवारी १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होगनने आयर्न शेखला हरवून विजेतेपद घेतलं. त्याच वर्षी एमटीव्हीवर सिंडी लॉपर या गायिकेच्या संगतीने कुस्ती तरुणांपर्यंत गेली, ३१ मार्च १९८५ ला पहिली ‘रेसलमेनिया’ झाली आणि त्याच सप्टेंबरात सीबीएसवर शनिवार सकाळची होगनची व्यंगपटमालिका सुरू झाली.

एलजेएन नेमकी याच क्षणाला हजर होती. जॅक फ्रीडमन यांनी १९७० मध्ये स्थापलेल्या या कंपनीचं कसब परवान्याच्या धंद्यात होतं. ज्या चेहऱ्याची हवा आहे त्याचे हक्क घ्यायचे आणि हवा ओसरण्याआधी माल बाजारात आणायचा. ब्रूक शील्ड्स आणि मायकल जॅक्सन यांच्या बाहुल्या तिने अशाच काढल्या होत्या. पहिल्या खेपेत होगनसोबत आंद्रे द जायंट, रॉडी पायपर, आयर्न शेख, निकोलाय वोल्कॉफ, जिमी स्नूका, जंकयार्ड डॉग, बिग जॉन स्टड आणि हिलबिली जिम आले.

आता त्या नसलेल्या सांध्यांकडे पुन्हा वळू. सांधा म्हणजे शरीराचे तुकडे. दंड वेगळा, पाय वेगळा, मध्ये फट. भरीव रबरात शिल्पकाराला सबंध देह अखंड घडवता येतो. स्टडचा धिप्पाडपणा, पायपरचा चिडका चेहरा, जॉर्ज ‘द ॲनिमल’ स्टीलची केसाळ छाती हे सगळं त्यामुळे ठसठशीत उतरलं. शिवाय रबर तुटत नाही. मुलांनी ते भिंतीवर फेकले, जिन्यावरून ढकलले, एकमेकांवर हाणले. गेला तो फक्त रंग. नाकाचा शेंडा, भुवया, बुटांची टोकं आधी घासली जात. म्हणूनच आज संग्राहक एलजेएनच्या मूर्तीची किंमत करताना पहिली नजर नाकावर टाकतात. ‘स्लिंग एम, फ्लिंग एम’ हा त्यांचा आखाडाही नावाला जागणारा होता. उचला आणि फेका, एवढंच तंत्र.

खेळण्यांना टीव्हीवरच्या कथेमागे धावावंही लागे. १९८४च्या अखेरीस स्टड आणि केन पटेरा यांनी आंद्रेचे केस कापल्याचा प्रसंग झाला. पहिल्या आंद्रेला लांब केस होते. मग आखूड केसांचा आंद्रे काढावा लागला. जेक रॉबर्ट्सबरोबर त्याचा साप आला. पुढे व्यवस्थापक, निवेदक यांच्याही मूर्ती आल्या आणि १९८८च्या सुमारास मिस एलिझाबेथ ही या मालिकेतली एकुलती एक स्त्री. त्याच सुमारास व्हिन्स मॅकमहन यांचीही मूर्ती निघाली. टीव्हीवर ते निव्वळ निवेदक म्हणून वावरत, मालक म्हणून ओळख करून दिली जात नसे. मालकाने स्वतःचं खेळणं काढलं तेही नोकराच्या वेशात.

हा सगळा लपंडाव धंद्याच्या नियमाचा भाग होता. त्याला कुस्तीच्या बोलीत ‘केफेब’ म्हणतात. नायक आणि खलनायक यांनी लोकांसमोर एकत्र दिसायचं नाही. मे १९८७ मध्ये एकमेकांचे हाडवैरी म्हणून गाजत असलेले आयर्न शेख आणि जिम डगन न्यू जर्सीत एकाच गाडीतून जाताना पोलिसांना सापडले, तेव्हा कंपनीने दोघांनाही काढून टाकलं. पुढे दोघेही परत आले, ते वेगळं. पण दुकानाच्या मांडणीवर हेच वैरी एकाच रंगाच्या पुठ्ठ्यावर, एकाच किमतीला शेजारीशेजारी लटकत होते आणि पुठ्ठ्यामागे सगळ्यांची चित्रं एकत्र होती. घरी नेल्यावर आयर्न शेख जिंकणार की होगन, हे मूल ठरवत होतं. १९८९ मध्ये मॅकमहन यांच्या कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की हा खेळ नव्हे, करमणूक आहे, तो क्रीडा आयोगाच्या नियंत्रणाबाहेर राहावा. खेळण्यांशी खेळणाऱ्या मुलांना ती बातमी मुळीच नवी नव्हती.

डब्ल्यूडब्ल्यूएफच्या स्पर्धकांपैकी मिनियापोलिसच्या व्हर्न गॅन्या यांची एडब्ल्यूए ही संघटना रेमको कंपनीबरोबर १९८५ मध्ये बाजारात उतरली. रेमकोने उलटा हिशेब मांडला. ‘ही-मॅन’ या खेळण्याच्या धर्तीचं, सांधे असलेलं एक पिळदार शरीर तयार ठेवायचं, त्यावर वेगवेगळी डोकी बसवायची आणि कापडी कपडे चढवायचे. साच्याचा खर्च वाचला, हातपायही हलले. पण सडपातळ आणि धिप्पाड बहुतेक गळ्याखाली जुळे भाऊ. रोड वॉरियर्ससारख्या रंगवलेल्या चेहऱ्यांच्या जोडीला ते शोभलं; बाकीच्यांचं वेगळेपण मात्र हरवलं. त्यातून दुखणं वेगळंच होतं. होगन १९८३च्या अखेरीस गॅन्यांना सोडून मॅकमहनकडे गेला होता आणि त्याच्यामागे आणखीही गेले. खेळणं तयार व्हायला महिने लागतात, पहिलवान एका रात्रीत संघटना बदलतो. १९९१ मध्ये एडब्ल्यूए बंद पडली.

डब्ल्यूडब्ल्यूएफचा परवाना १९९० मध्ये हॅस्ब्रोकडे गेला. तिने साडेचार इंची, कडक प्लॅस्टिकचे, काहीसे अर्कचित्रासारखे पहिलवान काढले आणि प्रत्येकाच्या अंगात स्प्रिंग बसवून एकेक डाव दिला. कुणाचा हात मागे ओढून सोडला की ठोसा बसे, कुणाची कंबर पिळली की हात सपकन फिरे, कुणाला दाबलं की तो उडी मारे. एलजेएनने चेहरा विकला, रेमकोने अंग, हॅस्ब्रोने डाव. यांत हॅस्ब्रोचं उत्तर सर्वांत धूर्त, कारण टीव्हीवरच्या पहिलवानाचीही ओळख शेवटी दोनच गोष्टींवर उभी असते, त्याचं रूप आणि त्याचा हुकमी डाव. त्याच सुमारास गलूब कंपनीने डब्ल्यूसीडब्ल्यू या संघटनेचे स्टिंग, रिक फ्लेअर वगैरे काढले. दिसायला देखणे, पण न हलणारे. ते फार टिकले नाहीत.

भारतात याच काळात केबल आली आणि होगन, अंडरटेकर, योकोझुना आपल्या घरांत शिरले. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांच्या हाती मात्र मूर्तींऐवजी ट्रम्प कार्डं पडली. उंची, वजन, छाती, दंड, रँक! कार्डावरच्या आकड्यांवरून डाव जिंकायचा. रबराऐवजी पुठ्ठा, एवढाच फरक. तिथेही कुस्ती कुणी कुणाशी केली याला महत्त्व नव्हतं, पहिलवान जमवण्याला होतं.

या मूर्तींवर पैसा कुणी किती मिळवला, हा प्रश्न पहिलवानांनाही पडलाच. जेसी व्हेंचुरा यांनी १९८६च्या दुसऱ्या रेसलमेनियाच्या सुमारास सहकाऱ्यांपुढे कामगार संघटनेची कल्पना मांडली होती, ती फसली. पुढे ध्वनिचित्रफितींवरच्या मानधनासाठी त्यांनी कंपनीवर दावा लावला आणि न्यायालयाने त्यांना आठ लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली. त्याच खटल्यात त्यांना कळलं की संघटनेची बातमी मालकाला होगनने दिली होती. व्हेंचुरांचा चेहरा, आवाज आणि नाव ही स्वतंत्र मालमत्ता आहे, हे त्या निकालाने ठळक झालं.

१९९४ मध्ये हॅस्ब्रोची मालिका संपली. मॅकमहन यांच्यावर स्टेरॉइड प्रकरणी खटला चालू होता (ते निर्दोष सुटले), होगन सोडून गेला होता, प्रेक्षक घटले होते. हिरव्या पुठ्ठ्यावरची ती अखेरची खेप कमी खपली, म्हणूनच आज संग्राहक तिच्यावर तुटून पडतात. पुढे परवाना जॅक्स पॅसिफिक या नव्या कंपनीने घेतला. तिच्या संस्थापकांपैकी एक होते जॅक फ्रीडमन, एलजेएनचेच. हात वाकवला की हाडं मोडल्यासारखा कडकड आवाज येणारे त्यांचे नवे पहिलवान १९९६ मध्ये दुकानांत आले तेव्हा त्यांतले डीझेल आणि रेझर रेमन डब्ल्यूसीडब्ल्यूत जाऊन बसले होते. बारा वर्षांनी धंदा पुन्हा त्याच अडचणीशी आला होता, माणूस जातो आणि साचा मागे उरतो.

२०१० पासून हा परवाना मॅटेलकडे आहे. २०१७ मध्ये मॅटेलने आजच्या पहिलवानांना मुद्दाम जुन्या हॅस्ब्रोच्या घाटात घडवून ‘रेट्रो’ मालिका काढली. मॅट कार्डोना आणि ब्रायन मायर्स हे दोघे पहिलवान लहानपणीच्या मूर्तींचे कट्टर संग्राहक. त्यांनी २०१८ मध्ये केवळ या खेळण्यांवर बोलणारा पॉडकास्ट सुरू केला आणि पुढे स्वतःच खेळणी काढू लागले. ज्या पिढीने रबरी होगनचं नाक घासलं, तीच पिढी आखाड्यात उतरली. तिने पोशाखाचे रंग, चेहऱ्यावरचा रंग, हातवारे ठरवताना आपली मूर्ती कशी दिसेल याचा विचार केला नसेल, असं मानणं कठीण आहे. १९८४ मध्ये पहिलवानावरून खेळणं घडत होतं. आता खेळण्यावरून पहिलवान घडतो, आणि आपली पहिली मूर्ती निघणं हा त्यांच्यातल्या अनेकांना एखाद्या विजेतेपदाइतकाच मोठा मान वाटतो.