कोपऱ्यातला सांबा

खामगाव, मलकापूर किंवा चिखलीतला एखादा मध्यम छापखाना घ्या. पत्रिका आणि पोस्टरचं डिझाइन मॅकवर, बिलं विंडोजवर, आणि शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून आलेल्या मालकाच्या मुलाचा लॅपटॉप लिनक्सवर. फाइल इकडची तिकडे न्यायला पेनड्राइव्ह. त्यातून व्हायरस फिरतो आणि ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरं फायनल’ अशा प्रती साठत जातात. यावर इलाज म्हणून जुन्या संगणकावर लिनक्स टाकून सर्व्हर उभा करतात. त्यात बहुतेक वेळा राबत असतो तो सांबा, फाइली वाटून देणारं सॉफ्टवेअर.

सांबाचा जन्म कुठल्या कंपनीत झाला नाही. १९९१ च्या अखेरीस कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलला डॉसच्या पीसीवरून युनिक्सची डिस्क वापरायची होती. वायरवरून जाणारी पॅकेट्स पकडून, कोणत्या मागणीला काय उत्तर जातं हे बघत त्याने सर्व्हर लिहिला. हा फाइली शेअर करण्याचा एसएमबी प्रोटोकॉल आहे, हे तेव्हा त्याला ठाऊकही नव्हतं. या प्रोटोकॉलची मायक्रोसॉफ्टची अधिकृत कागदपत्रं सांबाच्या मंडळींच्या हाती पडली ती मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या युरोपातल्या मक्तेदारीच्या खटल्यानंतर, २००७ च्या डिसेंबरात, तीही १०,००० युरो मोजून.

विंडोज एसएमबीच बोलतो. ॲपलनेही २०१३ पासून स्वतःचा एएफपी मागे ठेवून एसएमबीला पहिली पसंती दिली. लिनक्सला एसएमबीही चालतो आणि सन कंपनीचा एनएफएसही. त्यामुळे टेबलावरचं एकही मशीन बदलावं लागत नाही. जुळवून घ्यायचं सगळं काम सर्व्हरकडे. इंग्रजी नावातलं मोठं आणि छोटं अक्षर युनिक्सला वेगळं, विंडोजला एकच. हा भेद सांबा परस्पर मिटवतो.

सेटिंगची फाइल एकच. तीत ‘डिझाइन’, ‘हिशेब’, ‘स्कॅन’ अशी शेअर, म्हणजे वाटून वापरायची फोल्डरं, लिहायची. नेहमीची तक्रार अशी, की सकाळी एकाने केलेली फाइल दुपारी दुसऱ्याकडे उघडते, पण सेव्ह होत नाही. अशा वेळी दोघांना एका ग्रुपमध्ये घालून ‘फोर्स ग्रुप’ची ओळ टाकायची आणि नव्या फाइलवर ग्रुपला लिहिण्याची मुभा द्यायची. ‘हिशेब’ कुणाला उघडू द्यायचा, हे मात्र मालकानेच ठरवायचं.

मराठी नावांचा घोळ वेगळाच. ‘शेतकऱ्यांची यादी’ मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असा सुटा करून. मॅकवर बनवलेल्या झिपमधून बरेचदा सुटं रूप बाहेर पडतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच. लिनक्सच्या डिस्कला मात्र बाइट वेगळे म्हणजे फाइल वेगळी. मग एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन याद्या दिसतात, आणि दुरुस्ती नेमकी कोणत्या यादीत केली यावरून वाद होतो. नावं एकाच रूपात आणणारी स्क्रिप्ट सर्व्हरवर बसवली की हा वाद मिटतो.

शेअरवरून डिलीट केलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट नाहीशी होते. म्हणून सांबाचं ‘रिसायकल’ मॉड्यूल पहिल्या दिवशीच चालू करावं. सर्व्हर आला म्हणजे बॅकअप आला, असंही नाही. एक डिस्क गेली तर तिन्ही टेबलांचं काम एकदम अडतं. सॉफ्टवेअर फुकट आहे, मशीन जुनं चालतं. पैसे घालायचे ते यूपीएसवर आणि रोज रात्री प्रत घेणाऱ्या दुसऱ्या डिस्कवर.