स्पॅनिश संभाषणाचे आकलन आणि मराठी स्वरसंधी

लिखित स्पॅनिश समजते, परंतु बोललेले कळत नाही, ही नवशिक्याची प्रमुख अडचण होय. बोलताना शब्दांच्या सीमेवरील स्वर एकत्र येतात. लेखनात मात्र ते वेगळेच राहतात. 'ला अमीगा' (मैत्रीण) हे 'लामीगा', तर 'मी अमीगो' (माझा मित्र) हे 'म्यामीगो' असे ऐकू येते. विद्यालय व इत्यादी या शब्दांतील संधी येथे आठवावी. 'मे गुस्ता एल काफे' ही रचनाही 'मला कॉफी आवडते' अशीच आहे. वस्तू अनेक असल्यास 'आवडतात'प्रमाणे 'गुस्तान' होते. सारांश, कुपवाडसारख्या ठिकाणच्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास इंग्रजी कच्चे म्हणून स्पॅनिशपासून परावृत्त करणे उचित नव्हे. अध्यापनाचा प्रारंभ मराठीच्या आधारे करणे श्रेयस्कर ठरेल.