दोघांच्या वह्या जुळतात का?

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड, पोलाद असे नाना तऱ्हेचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी माल एकाचा, काम दुसऱ्याचे आणि टेम्पो तिसऱ्याचा असतो. संगणक बहुतेकांकडे आला, पण प्रत्येकाची नोंदीची रीत निराळी. तंटा तेथेच सुरू होतो.

समजा, पालघरच्या व्यापाऱ्याने रंगाईसाठी १०० मीटर कापड पाठवले. रंगाईवाल्याने १८ किलो लिहिले. पन्हा दीड मीटर आणि चौरस मीटरला १२० ग्रॅम वजन धरले, तर दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण पन्हा व वजन चलानावर नसेल, तर घट किती झाली हे ठरत नाही आणि कारागिराची मजुरी अडकते.

यात कायद्याचाही संबंध येतो. १ जुलै २०१७ पासून लागू असलेल्या जीएसटीनुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा किंवा तेथूनच पुढे रवाना व्हावा लागतो. नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी विकला असे धरले जाते. तसेच २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत लहान उद्योजकाचे पैसे देण्याची मुदत लेखी करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. ही मुदत माल किंवा काम स्वीकारल्यापासून मोजतात. दोघांच्या वहीत तारीख वेगळी असेल, तर हक्क सिद्ध कसा करणार?

म्हणून आम्ही एक सोपी परीक्षा सुचवतो. पुरा झालेला एकच व्यवहार घ्या. ऑर्डरपासून रक्कम जमा होईपर्यंतचे दोन्हीकडचे कागद शेजारी मांडा आणि पाहा:

१. मालाचे नाव व परिमाण दोन्हीकडे एकच आहे का?
२. परतीच्या चलानावर मूळ चलानाचा क्रमांक आहे का?
३. घटीचे प्रमाण आधी लेखी ठरले होते का?
४. पोहोच दिल्याची तारीख व सही आहे का?

मग तोच आकडा किती वेळा पुन्हा लिहावा लागला आणि किती वेळा फोन करून विचारावे लागले, ते मोजा. तीन महिन्यांनी दुसरा व्यवहार घेऊन पुन्हा मोजा. संख्या घटली, तर मेळ बसू लागला असे समजावे.

नवे सॉफ्टवेअर घेण्याआधी व्यापारी व कारागीर बांधवांनी चलानाचा एकच नमुना ठरवावा, असे आमचे मत आहे. त्याला खर्च फारसा नाही. दोघांनी तासभर एकत्र बसायचे, एवढेच.